छपराचं माप आणि उन्हाचं अनुमान



सानगडीच्या शेतशिवाराची मोजणी होऊन दीडशे वर्षं झाली. धानाची बांधी न बांधी मोजली गेली, तिला नंबर पडला, ती कागदावर आली. गावातली घरं मात्र मोजली गेली नाहीत. आपल्याकडच्या जुन्या गावनकाशांत वस्तीच्या जागी एक सलग तुकडा दाखवलेला असतो आणि त्याला म्हणायचं आबादी. आत गल्ल्या किती, घरं किती, कोणाची भिंत कुठे संपते, याबद्दल नकाशा गप्प असतो. हे असं का झालं, इथून मी सुरुवात करणार आहे.

विषय तसा अगदी ताजा आहे. ड्रोन उडवायचा, वरून गावाची छायाचित्रं घ्यायची, आणि कोणाच्या छपरावर किती सौरवीज तयार होऊ शकेल याचा हिशेब मांडायचा. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. ते रास्तच आहे. पण हा विषय मुळात मोजणीचा आहे. मोजणीला इतिहास असतो, आणि मोजलेल्यावरून न मोजलेल्याचं अनुमान काढणं हा तर आमच्या शास्त्राचा जुना धंदा.

तर, घरं का मोजली नाहीत? उत्तर सरळ आहे. घरांवर सारा नव्हता. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि त्या दशकात या भागाचा जमीनबंदोबस्त सुरू झाला. साखळी, म्हणजे इकडची जरीब, घेऊन माणसं शिवारात फिरली. ज्या जमिनीतून सारा यायचा ती बारकाईने मोजली, तिची प्रत ठरवली, आणि सारा भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्याला मालगुजार म्हणून मालकी दिली. घरातून सरकारला काही मिळत नव्हतं, म्हणून घर नकाशाबाहेर राहिलं. सत्ता ज्यातून काही घेऊ शकते तेच ती मोजते. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. देऊ इच्छिते तेव्हाही ती मोजतेच. पण मोजण्याचं कारण आधी जन्माला येतं आणि साधन मागून, एवढं लक्षात ठेवा.

साधनाचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या विदर्भात येऊन थांबते. विल्यम लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताचा मध्यकणा मापायला घेतला. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून जायचा. लांबचं दिसावं म्हणून त्याला उंची लागायची. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने मुक्काम ठोकून ते हळूहळू ठोकून-ओढून पुन्हा गोल केलं. हैदराबादेहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेलं.

त्या काळी लोकांना या दुर्बिणीची भीती वाटे. हे साहेब लोक उंचावर बसून आमच्या बायकामाणसांकडे बघतात, अशी तक्रार ठिकठिकाणी झाली. आज अंगणावरून ड्रोन घरघरत गेला की हाच प्रश्न लोक विचारतात. आपण हसू नये. वरून पाहणारा आणि खालून पाहिला जाणारा यांच्यात बरोबरी नसते, हे माणसाला शिकवावं लागत नाही.

आता पुन्हा बंदोबस्ताकडे येऊ, कारण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेताची मोजणी झाली तिच्यासोबत आणखी एक कागद तयार झाला. त्याचं नाव वाजिब-उल-अर्ज. त्यात गावाची वहिवाट लिहिलेली असायची. जंगलातून सरपण कोणी आणायचं, गुरं कुठे चारायची, तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीला आणि मग कोणाच्या, मासे कोणी धरायचे. निस्ताराचे हक्क म्हणतो ते हेच. यातलं काहीही साखळीने मोजता येत नव्हतं. ते गावाला विचारावं लागलं. म्हणजे त्या सरकारलासुद्धा, आणि ते काही मायबाप सरकार नव्हतं, एवढं कळत होतं की माप हे एक आणि वहिवाट हे दुसरं; आणि दुसऱ्यासाठी खाली उतरून बसावं लागतं.

या झाडीपट्टीत तलाव म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, त्यांच्यावर पिकणारा धान. १९५० चा मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारी गेली. जायलाच हवी होती, तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचं कारण नाही. पण तलाव सरकारजमा झाले. नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, आणि बोलण्यात त्याचं झालं मामा तलाव. तलावाचं क्षेत्र कागदावर नीट आलं. पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कधी काढायचा, नहराची डागडुजी कोणी करायची, ही जी माणसामाणसांतली व्यवस्था होती ती कागदावर उतरली तरी हातात राहिली नाही. पुढच्या वर्षांत कितीतरी तलाव गाळाने भरले. क्षेत्र तेवढंच, पाणी अर्धं. नकाशा खोटा नव्हता; पण तलावाचं आकारमान म्हणजे तलाव नव्हे.

ही तलावाची गोष्ट मनात ठेवून छपराकडे चला.

आबादीची मोजणी अखेर आपल्या काळात आली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. भारतीय सर्वेक्षण विभाग, राज्याचा भूमी अभिलेख विभाग आणि ग्रामविकास विभाग हे त्यात होते. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या ७६३ गावांमध्ये पहिले मालमत्तापत्रक वाटले गेले, त्यांत महाराष्ट्राची १०० गावं होती. आणि १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात ६५ लाखांहून अधिक पत्रकं वाटल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे त्याला सनद म्हणतात. सनद! भोसल्यांच्या दफ्तरातला शब्द ड्रोनच्या पाठीवर बसून परत आला, याची मला गंमत वाटते.

हे काम होतं कसं? आधी गावात दवंडी, ग्रामसभा. मग प्रत्येकाने आपल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची. पंचायतीचा माणूस, भूमी अभिलेखचा माणूस आणि शेजारी समोर असतात. मग शंभर-सव्वाशे मीटर उंचीवरून ड्रोन समांतर पट्ट्यांत फिरतो आणि एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रं घेतो. एकच कोपरा वेगवेगळ्या जागांवरून टिपला गेल्यामुळे त्याची उंची काढता येते. आपले दोन डोळे जे करतात तेच. लॅम्बटनचा त्रिकोण इथेही आहे, फक्त तो गणकयंत्राच्या पोटात गेला आहे. यातून ५०० ला १ या प्रमाणाचा नकाशा निघतो. आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे छपराचं क्षेत्र, त्याचा उतार, त्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे, आणि आजूबाजूचं झाड किंवा माडी त्यावर सावली टाकेल का, हे सगळं त्याच चित्रांतून काढता येतं.

एक अडचण मात्र पहिल्याच पावलावर येते. वरून भिंत दिसत नाही, वळचण दिसते. चुन्याची रेघ वळचणीखाली गेली की गडप. कवेलूच्या घराचं छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात आलेलं असतं. वळचणीचं पाणी कोणाच्या अंगणात पडायचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालेली गावं मला माहीत आहेत. म्हणून नकाशा तयार झाला की खाली उतरून घरोघर पडताळणी करावी लागते. योजनेत ती आहे. ती घाईत उरकली की मग कोर्टात तारखा सुरू होतात.

जागेच्या मालकीसाठी काढलेली हीच चित्रं आता उन्हाच्या हिशेबासाठी वापरायची, असं पंचायत राज मंत्रालयाने हाती घेतलं आहे. कारणही तयार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान. जिल्ह्यागणिक एक आदर्श सौरग्राम आणि त्याला एक कोटी रुपये, तेही मोठ्या गावांमध्ये स्पर्धा लावून. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातलं पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. म्हणजे छपरातून आता काहीतरी निघतं. म्हणून छप्पर मोजायचं.

आता थोडं माझ्या दुकानात या. प्रमाण हा शब्द आपण रोज वापरतो. त्याचा धातू मा, म्हणजे मोजणे. माप, मान, प्रमाण, अनुमान, उपमान ही सगळी त्याच घरातली भावंडं. न्यायशास्त्राने ज्ञानाची साधनं वेगळी केली. डोळ्याला दिसतं ते प्रत्यक्ष. दिसलेल्यावरून न दिसलेलं काढायचं ते अनुमान. ड्रोनचं चित्र हे छपराचं प्रत्यक्ष आहे, आणि चांगलं प्रत्यक्ष आहे. इतक्या चौरस मीटरचं छप्पर म्हणजे इतकी वीज, हे अनुमान आहे. दोन्ही एकाच रंगीत नकाशावर छापून आले की लोक दोन्हींना प्रत्यक्ष समजतात. घोटाळा इथे होतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये आयआयटी मुंबईच्या दोन संशोधकांनी मुंबई शहराच्या छपरांची सौरक्षमता काढली. जमीनवापराची आकडेवारी आणि उपग्रहचित्रांचे नमुने वापरून आकडा आला सुमारे २,१९० मेगावॉट. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतल्या केंद्रांनी इतर संस्थांसोबत आणखी एक पाहणी केली. आकडा आला १,७२० मेगावॉट. शहर तेच, ऊन तेच. दोन्ही कामं प्रामाणिक आणि चांगली. फरक पडला तो छपराचा किती भाग खरोखर वापरता येईल हे धरण्यात. टाकी, जिन्याची खोली, कठडा, सावली. तिथे, जिथे पुष्कळशी छपरं सिमेंटची आहेत, तिथे हा फरक. मग इथे?

गडाच्या बुरजावर उभं राहून सानगडीकडे बघितलंत तर तीन-चार जातींची छपरं दिसतील. मातीच्या कवेलूची, टिनाची, सिमेंटच्या पत्र्याची, आणि स्लॅबची. ड्रोनला ती चारही सारख्याच स्पष्टपणे दिसतात. कवेलूचं दक्षिणेकडे उतरतं छप्पर तर हिशेबात फारच उठून दिसेल, कारण आपल्या अक्षांशावर पॅनेलला साधारण वीस अंशांचा दक्षिण उतार हवा असतो आणि तो तिथे आयताच आहे. पण पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलो वजन पडतं, शिवाय वाऱ्याची उचल. बांबूच्या कामट्यांवर कवेलू पेलणारं छप्पर ते घेईल का? आणि दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायचे असतात, तेव्हा पॅनेल कुठे ठेवायचं? त्यात वानरं आहेत. वानरांच्या उड्यांनी कवेलू फुटतात म्हणून कर्ज काढून टिनं घातलेली घरं या भागात कमी नाहीत.

न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, आणि ती अट बोलणाऱ्याने सांगितलेली नसते. न सांगितलेली ही अट म्हणजे उपाधी. छप्पर आहे, म्हणून वीज आहे, हे दुसऱ्या जातीचं अनुमान झालं. मध्ये वासे आहेत, सावली आहे, मीटर कोणाच्या नावावर आहे ते आहे.

मीटरचं बोलतोच. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, मीटर त्यांच्याच नावावर, नमुना आठमध्ये थोरल्या काकांचं नाव, आणि घरात राहतो धाकट्याचा मुलगा. नमुना आठ हा कराचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे, हेही पुष्कळांना सनद हातात पडेपर्यंत माहीत नसतं. ड्रोनला या घरावर तीन किलोवॉट दिसतात. कागदावर शून्य.

ऊन भरपूर आहे, यात वाद नाही. एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळं छप्पर लागतं आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. पण वैशाखात सगळ्यात जास्त वीज होईल असं जे वाटतं ते पूर्ण खरं नाही. पॅनेलची क्षमता पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते. त्यावर प्रत्येक अंशाला तीन-चार दशांश टक्के ती उतरते. मे महिन्यात दुपारी पॅनेल साठ अंशांच्या पुढे जातं, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. पॅनेलला ऊन आवडतं, तापणं आवडत नाही. आणि पावसाळ्यात हिशेब आणखी उतरतो.

आता जे मला खरोखर टोचतं ते सांगतो. घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं असतं, वर पक्कं छप्पर. कागदावर त्यावर दोन किलोवॉट बसतात. पण त्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही. त्यांचं बिलच लहान, मग वाचणार काय, आणि अनुदान वजा जाता वरचे पैसे घालायचे कुठून? उलट ज्याच्याकडे मोठा स्लॅब, कूलर, फ्रिज आणि मोटर आहे, त्याला अनुदानही जास्त आणि बचतही जास्त. कवेलूवाला तर रांगेतच नाही. एक गाव, एक ऊन, आणि नकाशा सगळ्यांना सारखा पिवळा रंग देतो. त्या पिवळ्या रंगांची बेरीज करून गावाची क्षमता अमुक इतकी असं जाहीर होतं, मग ती क्षमता उद्दिष्ट होते, आणि उद्दिष्ट गाठायला सोपी घरं आधी घेतली जातात. अवघड घरं शेवटी राहतात. आणि अवघड घर कोणाचं असतं हे तुम्ही जाणता.

मी ड्रोनच्या विरोधात नाही. चांगल्या नकाशाशिवाय हे बोलणंच शक्य झालं नसतं. माझं म्हणणं एवढंच की मोजणीसोबत वाजिब-उल-अर्जही हवा. नकाशाचा मसुदा पंचायतीत लावतात, हरकती मागवतात, तेव्हा तिथेच बसून घरागणिक विचारून घ्या. छप्पर कशाचं, वासे कधीचे, मीटर कोणाचं, बिल किती, आणि त्या छपरावर सध्या काय होतं. हो, तेही. मोह वाळतो, मिरची वाळते, वड्या-पापड वाळतात, कोहळ्याचा वेल चढतो. ऊन आपल्या घरांत आधीपासून कामाला आहे, त्याला कोणी बेरोजगार समजू नये. आणि ज्यांचं छप्पर घेण्यासारखं नाही त्यांच्यासाठी शाळेचं, पंचायतीचं, सोसायटीच्या गोदामाचं छप्पर आहे. त्यावरची वीज त्यांच्या बिलात कशी वळती करता येईल, हा प्रश्न ग्रामसभेने महावितरणला लेखी विचारावा. २०१५ मध्ये राज्यात नेट मीटरिंगचे नियम आले तेव्हा छपरावरची वीज परत ग्रीडला देण्याचीही अनेकांना कल्पना नव्हती. विचारत राहिलं की नियम हलतात.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं की आमच्या सांदवाडीत आंबा आहे, त्याची सावली छपरावर येते, पॅनेलवाले म्हणतात तोडा; काय करू? त्यांना मी विचारलं, आंबा घराच्या कोणत्या बाजूला? त्या म्हणाल्या, मागे, उत्तरेला. मग पॅनेलवाल्यांना दिशा विचारा, म्हटलं. आपल्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, पण तो इतका थोडा की झाडाची सावली बुंध्यापाशीच राहते. बाकी वर्षभर सूर्य दक्षिणेला, म्हणजे सावली घरापासून दूर. दक्षिणेचं झाड असतं तर गोष्ट वेगळी. डिसेंबरात दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, झाड जेवढं उंच तेवढीच लांब सावली, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्या ओळीची वीज बरीच खाली येते. सकाळी-संध्याकाळी तिरपी सावली उत्तरेच्या झाडाचीही थोडी पडेल, ती किती ते एक दिवस छपरावर खडूने खूण करून बघा. त्या म्हणाल्या, छप्पर कवेलूचं आहे. मग आंब्याचा प्रश्नच नाही, म्हटलं, आधी वासे बघून घ्या.